अठरावा डबा: गाडी सुटण्याआधीच्या पाऊण तासाचं एक प्रकरण

रेल्वेत 'झालं' हा शब्द फार स्वस्त आहे. होज जोडला? झालं. पाणी भरलं? झालं. कॉक उघडला? झालं. डब्यांची तपासणी आणि दुरुस्ती करणाऱ्या कॅरेज अँड वॅगन खात्यात, आमच्या बोलीत सी अँड डब्ल्यूत, माझी उभी नोकरी गेली आणि त्यातल्या एका रात्री याच शब्दावर विसंबून मी ब्रेकच्या कागदावर सही केली. गाडी त्या अवस्थेत सुटली नाही, अपघात झाला नाही, पेपरात काही आलं नाही. ३१ मिनिटांचा उशीर तेवढा झाला. तरी नवी पोरं खात्यात आली की मी त्यांना हेच प्रकरण सांगायचो, कारण त्यात सगळ्यांनी आपापलं काम जवळजवळ पूर्ण केलं होतं.

गोष्ट पंधराएक वर्षांपूर्वीची. महाराष्ट्रातलं एक जंक्शन, दिवाळी संपून परतीची गर्दी, आणि रात्री ९.४० ला मुंबईकडे निघणारी १७ डब्यांची मेल. तेव्हा जुन्या पद्धतीचे निळे आयसीएफ डबे होते, गार्डला अजून ट्रेन मॅनेजर म्हणत नव्हते, आणि लोको पायलट हे नाव कागदावर आलं असलं तरी तोंडात ड्रायव्हरच होतं. स्टेशनचं नाव मुद्दाम सांगत नाही. असं कुठल्याही जंक्शनवर होऊ शकलं असतं.

पिट लाइनवरचा दिवस

गाडीची तपासणी ती यार्डात उभी राहिल्यावर सुरू होते असं लोकांना वाटतं. खरं तर ती गाडी आत येतानाच सुरू होते. रेक, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या डब्यांची अख्खी माळ, यार्डात शिरत असताना दोन्ही बाजूंना आमची माणसं उकिडवी बसलेली असतात. याला रोलिंग-इन म्हणतात. डोळे चाकांवर आणि कान आवाजावर. चाकाला चपटा पडला असेल तर ठराविक अंतराने ठक, ठक, ठक असा आवाज येतो. सवय झालेला माणूस त्या ठकठकीवरून डब्याचा नंबर सांगतो. काही लोंबत असेल, ब्रेक घासून धूर येत असेल, तर तोही चालत्या गाडीतच दिसतो. गाडी थांबली की पहिलं काम म्हणजे ॲक्सल बॉक्सची उष्णता पाहणं. आता त्याला लांबून तापमान दाखवणारी बंदूक आहे. पण आमच्या गँगमधले सर्वांत जुने फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, ते बंदूक दाखवायच्या आधी तळहाताची मागची बाजू लावून बघायचे आणि बहुतेक वेळा बंदूक त्यांच्या मागोमाग हो म्हणायची.

मग रेक पिट लाइनवर. रुळांखाली खोल चर, त्यात उतरून डब्याचं पोट पाहायचं. दोन्ही टोकांना लाल बत्ती आणि कुलूप लावलेला अडसर, म्हणजे खाली माणसं असताना कोणी इंजिन आणून आदळू नये. जोडीतल्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १६०० मिमी आहे का, फ्लँज किती झिजला, स्प्रिंग तुटली आहे का, डॅशपॉटमध्ये तेल आहे का, ब्रेकच्या दांड्यांच्या पिनांना कॉटर आहेत का, सेफ्टी स्ट्रॅप जागेवर आहेत का. बफरची उंची रुळापासून १०३० ते ११०५ मिमीच्या दरम्यान हवी. एखादा डबा बसलेला असेल तर पॅकिंग घालून उचलायचा. त्या दिवशी आम्ही १९ ब्रेक ब्लॉक बदलले आणि एक डायनॅमोचा पट्टा. धुणं, पाणी, बॅटऱ्या, पंखे, आग विझवायची नळकांडी, संकटकालीन खिडक्या हे सगळं समांतर चालू असतं. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही, एवढंच की प्रवासी तक्रार याच गोष्टींची करतो. चर उतरून आम्ही काय पाहिलं ते त्याला कधी कळत नाही. कळण्याची वेळ न येणं हेच बरं.

शेवटी रेक टेस्ट, आणि हे प्रकरण जिच्याभोवती फिरतं ती हवा.

गाडीच्या खालून दोन नळ्या इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत जातात. एक ब्रेक पाइप, म्हणजे बीपी. हिच्यात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब असतो. दुसरी फीड पाइप, एफपी, तिच्यात ६ किलो. बीपीच्या कॉकला हिरवा रंग, एफपीच्या कॉकला पांढरा. दोन डब्यांच्या मध्ये दोन्ही नळ्या रबरी होजने जोडलेल्या असतात आणि प्रत्येक डब्याच्या टोकाला प्रत्येक नळीवर एक अँगल कॉक असतो. दांडी नळीला समांतर असेल तर उघडा, आडवी असेल तर बंद. सहज धक्क्याने फिरू नये म्हणून दांडी आधी थोडी वर उचलावी लागते.

गंमत अशी की ब्रेक हवा भरून लागत नाही, हवा काढून लागतो. बीपीतला दाब घसरला की प्रत्येक डब्याखालचा डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह ते ओळखतो आणि डब्याच्या स्वतःच्या टाकीतली हवा ब्रेक सिलिंडरमध्ये सोडतो. दाब पुन्हा चढला की ब्रेक सुटतो. त्यामुळे गाडी तुटली, होज फाटला, कोणी साखळी ओढली, तर हवा निसटते आणि ब्रेक आपोआप लागतो. वेस्टिंगहाऊसने १८७२ मध्ये ही उलटी युक्ती काढली आणि जगभरच्या गाड्या अजून तिच्यावर थांबतात. या युक्तीत फट एकच. मधला कॉक बंद असेल तर पुढे काढलेली हवा मागे कळत नाही.

रेक टेस्टमध्ये आम्ही हवा भरतो, पुरवठा बंद करतो आणि गळती बघतो. मिनिटाला ०.२ किलोपर्यंत चालते. त्या दिवशी तीन मिनिटांत काटा जेमतेम अर्धा दशांश उतरला. मी मामांची पाठ थोपटली. रेक इतका घट्ट क्वचित निघतो. मग ब्रेक लावून दोन्ही बाजूंनी चालत प्रत्येक ब्लॉक चाकाला भिडला का ते पाहिलं, सोडून प्रत्येक ब्लॉक सुटला का ते पाहिलं. काही डब्यांत साखळी ओढून हवा निसटते का तेही पाहिलं. निघण्याच्या स्टेशनावर मेल-एक्स्प्रेसची ब्रेक पॉवर शंभर टक्के लागते. ती होती. ब्रेक पॉवर सर्टिफिकेट, बीपीसी, भरलं. रेक बाहेर पडला.

या घट्टपणाची आठवण ठेवा. रात्री त्यानेच आम्हाला जवळजवळ फसवलं.

डबा लागला

संध्याकाळी कंट्रोलकडून, म्हणजे गाड्यांची हालचाल ठरवणाऱ्या कचेरीकडून, निरोप आला की गर्दी आहे, एक जादा जनरल डबा लावा. यार्डात एक तपासलेला डबा होताच. तो रेकच्या मागे लावता आला असता, पण मागच्या लाइनवर दुसरी गाडी घ्यायची होती म्हणून तो इंजिनाला लागून पुढे लावायचं ठरलं. निर्णय वाहतूक खात्याचा होता आणि त्यात चूक काही नव्हती.

रेक साडेआठनंतर फलाटावर लागला. नऊच्या सुमाराला इंजिन आलं, जोडलं, १७ डब्यांची कंटिन्युइटी टेस्ट, म्हणजे हवेची नळी टोकापासून टोकापर्यंत सलग आहे का याची परीक्षा, झाली. ड्रायव्हरने दाब उतरवला, मागे गार्डच्या डब्यातला काटा उतरला. मग गार्डने आपल्या व्हॉल्व्हने हवा काढली, पुढे ड्रायव्हरचा काटा उतरला. इंजिनावर ५, मागे ४.९. बीपीसीवर तिघांच्या सह्या. या घटकेला गाडी निर्दोष होती.

९.२६ ला इंजिन तोडलं. आता नीट लक्ष द्या, कारण पहिली चूक इथे आहे, आणि चौकशीत तिचा शेवटपर्यंत कोणी धड उल्लेख केला नाही. इंजिन तोडताना रेकचा बीपी रिकामा करून ब्रेक लावलेल्या स्थितीत रेक सोडायचा असतो. तसं केलं की उभा रेक आपल्या जागी धरून राहतो. पण रिकामा केलेला १७ डब्यांचा बीपी पुन्हा भरायला वेळ लागतो आणि घड्याळात १४ मिनिटं उरली होती. म्हणून कॉक बंद करून भरलेली हवा तशीच आत कोंडून ठेवली. गार्डच्या डब्यातला हँडब्रेक आवळला, दोन चाकांखाली लाकडी गुटके सरकवले. असं करू नये हे सगळ्यांना माहीत होतं. असं करतात हेही सगळ्यांना माहीत होतं.

इंजिन डबा घेऊन ९.३५ ला परत आलं. टेकवलं, कपलिंग आवळलं. फलाटावरचा आमचा फिटर दोन डब्यांच्या मधे उतरला. त्याने दोन्ही होज जोडले. एफपीचे दोन्ही कॉक उघडले. आणि नेमका तेव्हा शेजारच्या फलाटावरून निरोप आला की तिथल्या गाडीत साखळी ओढली आहे, ती रीसेट होत नाही, हवा फुसफुसते आहे, लगेच या. रात्रपाळीला फलाटावर आमची दोनच माणसं असायची, एक फिटर आणि एक खलाशी, म्हणजे त्याचा मदतनीस. फिटर वर आला, खलाशाला म्हणाला, 'होज लावले, बघ जरा,' आणि रूळ ओलांडून गेला.

खलाशाने वाकून बघितलं. होज लागलेले दिसले. त्याच्या दृष्टीने काम झालं होतं. मी बीपीसी हातात घेऊन इंजिनाजवळ उभा होतो. डबा वाढला की कागदावर नवी नोंद आणि नवी सही लागते. मी विचारलं, 'झालं का रे?'

'झालं, साहेब.'

मी १७ चे १८ केले आणि सही ठोकली. तो जोड माझ्यापासून एका डब्याच्या लांबीवर होता. वाकलो असतो तर दिसलं असतं. वाकलो नाही.

ड्रायव्हरलाही खोट दिसायला हवी होती. त्याचा बीपी झटकन ५ ला पोचला. अठरा डब्यांची नळी भरायला इतका कमी वेळ लागत नाही. पण तो एकाच डब्याची नळी भरत होता, आणि त्याला वाटलं रेक तर भरलेलाच आहे, नवीन डबा तेवढा भरायचा होता. हिशेब त्याच्या बाजूने बरोबर बसत होता. चुकीची गोष्ट स्वतःचं बरोबर स्पष्टीकरण घेऊन आली की माणूस दुसरं शोधत नाही.

काटा हलेना

गाडीचे गार्ड निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. बोलणं मऊ, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि वहीत प्रत्येक आकडा लिहायची सवय. ९.४१ ला त्यांनी आपल्या डब्यातली दाबाची घड्याळं पाहिली. एफपी ५.८. उत्तम. बीपी ४.६.

वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज आला, 'ड्रायव्हरसाहेब, तुमच्याकडे बीपी किती?'

'पाच.'

'माझ्याकडे चार पॉइंट सहा आहे.'

'चढेल हळूहळू. डबा वाढलाय ना.'

'मघाशी चार पॉइंट नऊ होता,' गार्ड म्हणाले. 'एका डब्याने तीन दशांश खाल्ले?'

सिग्नल पिवळा झालेला होता. स्टेशनवरून विचारणा सुरू झाली, कोणाची वाट पाहताय. मेलमागे एक मालगाडी धरून ठेवली होती. मी मनात म्हटलं, काका उगाच घोळ घालतायत. असा विचार आला हे लिहून ठेवतो, कारण त्या फलाटावर तो फक्त माझ्याच मनात आला नव्हता.

गार्डनी वाद घातला नाही. ते एवढंच म्हणाले, 'एक किलो उतरवा.'

ड्रायव्हरने हँडल ओढलं. इंजिनातून हवा सुटल्याचा आवाज मी ऐकला. त्याचा काटा ४ वर आला. काही सेकंद वॉकीटॉकीवर नुसती खरखर.

'उतरवलात का?'

'उतरवला. चारवर आहे.'

'माझा काटा हललेला नाही.'

त्या वाक्यानंतर पोटात जे झालं ते मी विसरलो नाही. बॅटरी घेऊन मी फलाटाच्या उलट्या बाजूला रुळात उतरलो. जादा डब्याच्या पहिल्या चाकाशी गेलो आणि ब्रेक ब्लॉकला बुटाने लाथ मारली. घट्ट. चाकाला चिकटलेला. पुढे रेकच्या पहिल्या डब्याकडे गेलो, तिथल्या ब्लॉकला लाथ मारली. खुळखुळला.

म्हणजे बिघाड दोघांच्या मधे.

बफरखालून वाकून आत शिरलो. बॅटरीच्या उजेडात दोन होज लोंबत होते, दोन्ही व्यवस्थित जोडलेले, खटका बसलेला. पहिला हातात धरला, पांढऱ्या कॉकचा. दगडासारखा कडक, आत सहा किलो. दुसरा धरला. मऊ होता. बाजारात पडवळ दाबून बघावं तसा दबला. मग उजेड वर नेला. हिरव्या कॉकच्या दोन्ही दांड्या आडव्या, एक या बाजूची, एक त्या बाजूची. धुळीखाली हिरवा रंग जेमतेम कळत होता.

दोन्ही बंद होते म्हणूनच आवाज नव्हता. आमच्या अँगल कॉकला एक सोय असते. बंद केला की होजच्या बाजूची हवा छोट्या भोकातून बाहेर जाते, म्हणजे होज सोडताना तोंडावर उडत नाही. दोघांपैकी इंजिनाकडचा कॉक उघडा असता तर मागच्या कॉकच्या भोकातून हवा सतत फुसफुसत राहिली असती आणि खलाशालाही ऐकू आलं असतं. अर्धवट चूक ओरडते. ही पूर्ण चूक होती, म्हणून गप्प होती.

मी दांड्या लगेच फिरवल्या नाहीत. आधी वर येऊन ड्रायव्हरला आणि गार्डला काय सापडलं ते सांगितलं, खलाशाला खाली बोलावून दाखवलं, कारण पुढे चौकशीत 'कॉक उघडाच होता' असं कोणी म्हणू नये. मग एकेक दांडी उचलून फिरवली. हवा सळसळत मागे गेली. बीपी पुन्हा भरायला लावला. मागे ४.९.

नंतर पूर्ण कंटिन्युइटी, दोन्ही टोकांकडून. गार्डच्या हट्टावरून १८ डबे दोन्ही बाजूंनी चालून ब्लॉक पाहिले, लागलेले आणि सुटलेले. गाडी १०.११ ला निघाली.

गेली असती तर

लोक या प्रकरणाला फोडणी देतात. ही गाडी पहाटे थळ घाट उतरणार होती. इगतपुरी ते कसारा उतार ३७ ला १. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच चित्र उभं राहतं. मी ते चित्र काढत नाही. गाडी सुटल्यावर ड्रायव्हर थोडा वेग घेऊन ब्रेक लावून पाहतो, ब्रेक फील टेस्ट म्हणतात. एका डब्याचा आणि इंजिनाचा ब्रेक अठरा डब्यांना अडवायला लागला की कुठल्याही ड्रायव्हरला ते पाठीत कळतं. घाटाआधी इगतपुरीला थांबा आहे आणि तिथे ब्रेक पाहिल्याशिवाय गाडी खाली सोडत नाहीत. घाटापर्यंत ही चूक टिकली नसती.

पण पहिल्या दोन-तीन किलोमीटरांचं काय? यार्डातून बाहेर पडताना सिग्नल अचानक लाल झाला असता तर? मधल्या डब्यात कोणी साखळी ओढली असती तर मागच्या सतरा डब्यांना ब्रेक लागला असता आणि इंजिनाच्या घड्याळाला पत्ताच नसता. ड्रायव्हर ओढत राहिला असता.

आता गळतीबद्दल. साधारण रेक असता, मिनिटाला ०.२ गळणारा, तर पंधरा मिनिटांत बीपी ३ किलो उतरला असता आणि गार्डच्या घड्याळाने आपोआप बोंब मारली असती. आमचा रेक इतका घट्ट होता की त्याच पंधरा मिनिटांत तो ४.९ वरून ४.६ वरच आला. शिवाय संथ गळतीला डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह दादच देत नाही, तसाच तो बनवलेला असतो. मिनिटाला ०.३ किलोपर्यंत दाब सावकाश घसरला तर ब्रेक लागू नये, आणि ६ सेकंदांत ०.६ घसरला तर लागलाच पाहिजे. नाहीतर बारीक गळतीनेच गाडी वाटेत जखडेल. म्हणजे ब्रेक सुटलेले, काटा जवळजवळ जागेवर, एफपी झकास. सकाळी ज्या कामाबद्दल मी मामांची पाठ थोपटली त्याच कामाने रात्री खोट झाकली. याचा अर्थ गळका रेक बरा असा नाही. पण भरलेल्या नळीचा दाब बघून नळी सलग आहे असं म्हणता येत नाही. मागचा काटा ५ दाखवतो तेव्हा तो एवढंच सांगतो की कधीतरी इथे हवा आली होती. ती आता कोणाशी जोडलेली आहे हे तो उतरताना सांगतो.

पॅरिसच्या गार द लिओं स्थानकावर २७ जून १९८८ च्या संध्याकाळी एक उपनगरी गाडी ब्रेक न लागता उभ्या गाडीवर आदळली आणि ५६ माणसं गेली. वाटेत एका प्रवासी बाईने साखळी ओढली होती. ती पूर्ववत करताना ड्रायव्हरच्या हातून पहिल्या आणि दुसऱ्या डब्यामधला ब्रेक पाइपचा कॉक बंद झाला. तिथे मागच्या डब्यांचे ब्रेक जखडले, ते सुटेनात म्हणून डब्याडब्यातून हाताने हवा काढून सोडवले आणि गाडी पुढे नेली. आमच्याकडे हवा आत कोंडलेली होती, तिथे बाहेर काढलेली. पण जागा तीच, पहिल्या आणि दुसऱ्या डब्याच्या मधली. उशीर झालेला होता हेही तेच. आणि हवा सोडल्यानंतर पुन्हा 'उतरवून दाखवा' असं तिथे झालं नाही.

चौकशी

चौकशीतला पहिला प्रश्न होता, ३१ मिनिटं कोणाच्या खात्यात टाकायची. बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल, पण रेल्वेत प्रत्येक उशिराला बाप लागतो. वाहतूक म्हणाली, कॉक उघडणं सी अँड डब्ल्यूचं. आमचे साहेब म्हणाले, शंटिंगमध्ये रेकची हवा कोंडली वाहतुकीच्या माणसांनी, जादा डबा आयत्या वेळी लावला कंट्रोलने. ड्रायव्हरच्या बाजूने कोणीतरी म्हणालं की गार्डने ४.६ दिसताच तक्रार केली, पण ठरलेली कंटिन्युइटी आपणहून आधी का नाही मागितली. गार्डनी उत्तर दिलं, 'मी ती मागितलीच. तुम्ही चढेल म्हणालात.'

फिटरला विचारलं, बीपीचे कॉक का उघडले नाहीत. तो म्हणाला, उघडणार होतो. हे खरं होतं. खलाशाला विचारलं, तू काय पाहिलंस. होज लागलेले पाहिले. तेही खरं. मला विचारलं, सही कशाच्या आधारावर केली. मी लिहून दिलं, 'खलाशाने झालं असं सांगितल्यावरून.' कागदावर ते वाक्य वाचताना मला माझीच लाज वाटली, कारण वर्षभरापूर्वी खात्यात आलेल्या पोराच्या खांद्यावर मी माझी सही ठेवली होती.

फिटरला ताकीद मिळाली. मला लेखी समज. दोन्ही योग्यच होतं, पण फलाटावर दोनच माणसं का होती आणि दोन फलाटांवर एकाच वेळी बोलावणं आलं की त्यांनी काय करायचं, याचं उत्तर त्या कागदांत कुठे नाही. हवा कोंडण्याबद्दल एक ओळ आहे, 'यापुढे दक्षता घ्यावी.' माझ्या मते सगळं प्रकरण त्या ओळीखाली गाडलं गेलं. रेक रिकामा करून ब्रेक लावून सोडला असता तर कॉक उघडायला विसरला तरी गाडी जागची हललीच नसती. सतरा डब्यांचे ब्रेक लागलेलेच राहिले असते, ड्रायव्हरने ओढून पाहिलं असतं, शिव्या दिल्या असत्या, आणि कॉक सापडला असता. मधल्या विसरण्याला धोकादायक बनवलं ते आधीच्या त्या पाच मिनिटांच्या बचतीने.

आमच्या पाळीत मी दोन गोष्टी बदलल्या. त्यांना वरून हुकूम नव्हता. एक, होज जोडणाऱ्या माणसाने मागचा काटा उतरल्याचं स्वतःच्या कानांनी ऐकेपर्यंत जोड सोडायचा नाही, शेजारी काहीही पेटलं तरी. दुसरी गाडी थांबेल. दोन, मी सही करण्याआधी 'झालं का' असं विचारणं बंद केलं. त्याऐवजी विचारायचो, 'किती होता, किती झाला?' या प्रश्नाला झालं असं उत्तर देता येत नाही. पहिले काही दिवस पोरं वैतागली. मामा मात्र हसले आणि म्हणाले, साहेब, होज दाबून बघायला मी तुम्हाला पंधरा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. सांगितलं होतं, हे खरं.

३१ मिनिटं शेवटी आमच्याच खात्यात पडली. त्या महिन्याच्या बैठकीत मला उभं राहून त्याचा खुलासा करावा लागला आणि मी तो केला. गार्डना कोणी काही म्हणालं नाही, शाबासकीही नाही. उलट गाडी उशिरा काढणारे म्हणून त्यांचं नाव काही दिवस चेष्टेत होतं.

दोनेक महिन्यांनी ते पुन्हा त्याच गाडीवर आले. माझी रात्रपाळी होती. मी बीपीसी घेऊन मागे त्यांच्या डब्याशी गेलो. त्यांनी चष्मा वर केला, घड्याळाकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं.

'चार पॉइंट नऊ,' मी म्हटलं.

'दिसतंय मला,' ते म्हणाले आणि वॉकीटॉकी तोंडाशी नेला. 'ड्रायव्हरसाहेब, एक किलो उतरवा.'